कारणाचा रकाना

यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी आत्महत्येची बातमी लिहायला वार्ताहराला अर्धा तासही लागत नाही. साचा तयार असतो. नाव, वय, गाव, शेती किती एकर, सोसायटीचं कर्ज किती, मागे कोण कोण, आणि मध्ये कुठे तरी ‘सततची नापिकी व कर्जबाजारीपणाला कंटाळून’. नाव पोलीस ठाण्यातून कळतं, वय पोलीस पाटील सांगतो, गट नंबर आणि क्षेत्र तलाठ्याकडे असतं, थकबाकीचा आकडा गटसचिव फोनवर देतो. गावात पाय न ठेवताही बातमी पूर्ण होते. तालुक्याच्या ठिकाणी चहाच्या टपरीवर बसून मोबाईलवर टाईप केली की व्हॉट्सअ‍ॅपने जिल्हा कार्यालयात जाते आणि दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर एका कॉलमात येते. तिच्यातलं एकही वाक्य खोटं नसतं.

अशा बातम्या वर्षानुवर्षं लिहिणाऱ्या एका बातमीदार बाईंचं हे काम. त्यांचं नाव इथे दिलेलं नाही. ज्यांच्याबद्दल त्या लिहितात त्यांची नावंही त्या हल्ली शक्यतो टाळतात, तेव्हा न्याय सारखाच झाला. त्या मूळच्या घाटंजीकडच्या, कोरडवाहू कापूस-तुरीच्या घरातल्या. एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात लागल्या तेव्हा महिला मंडळं, रांगोळी स्पर्धा आणि शाळांची स्नेहसंमेलनं त्यांच्या वाट्याला आली होती. आत्महत्यांच्या बातम्या आल्या त्या एक सहकारी नोकरी सोडून गेला म्हणून. जाताना त्याने संगणकावरची एक फाईल दाखवली. तीत साचा होता आणि मोकळ्या जागांवर टिंबं दिलेली होती.

हा जिल्हा या विषयाला नवा नाही. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी पत्नी मालती आणि चार मुलांसह १९ मार्च १९८६ रोजी पवनारजवळ जीवन संपवलं. राज्यातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून तिची नोंद घेतली जाते आणि २०१७ पासून त्या तारखेला अनेक जण एक दिवस अन्नत्याग करतात. पुढे २००५-०६ च्या सुमारास विदर्भातल्या बातम्या दिल्लीपर्यंत पोचल्या. २००६ च्या पावसाळ्याच्या सुरुवातीला तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या काळात काही वर्तमानपत्रं पहिल्या पानावर क्रिकेटच्या धावफलकासारखा आकडा छापत. आज इतके, या महिन्यात इतके, या वर्षात इतके. त्या आकड्यांवर पुष्कळ टीका झाली. पण ते छापले नसते तर दिल्लीतून कोणी आलं असतं का, हाही प्रश्न उरतोच. तो पुढे येईल.

आधी रकान्याबद्दल सांगायला हवं.

शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर कुटुंबाला शासनाकडून एक लाख रुपयांची मदत मिळते. २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाने ती नक्की झाली. तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेव म्हणून. त्यानंतर सोन्याचे, बियाण्याचे, खतांचे भाव कुठून कुठे गेले, मदतीचा आकडा मात्र वर्षानुवर्षं तोच राहिला. मदतीसाठी तहसीलदारांचा अहवाल जातो आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. शेतजमीन मयताच्या किंवा कुटुंबातल्या कोणाच्या नावावर हवी. कर्ज बँकेचं, सहकारी सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. आणि कारण हवं: नापिकी, परतफेड न होणं, वसुलीचा तगादा. कारण दुसरं निघालं, म्हणजे आजार, दारू, घरातला वाद, तर प्रकरण अपात्र. चौकशीच्या कागदात कारण लिहायला एक रकाना असतो आणि त्यात साधारण एका ओळीची जागा असते.

वर्तमानपत्राच्या बातमीतही तेवढीच जागा असते, हे बाईंच्या हळूहळू लक्षात आलं. पोलिसांचा कागद, तहसीलचा कागद आणि पेपरची बातमी, तिघांनाही कारण एकवचनी लागतं.

एका घरी त्या तिसऱ्या दिवशी पोचल्या. ओसरीवर माणसं बसलेली होती. मयताचा मामेभाऊ बोलण्यात पुढे होता. अशा प्रत्येक घरात एक जण तरी असा निघतो, ज्याला कागदपत्रांचं कळतं. त्याने कापड दुकानाची एक प्लास्टिकची पिशवी आणली आणि सतरंजीवर उलटी केली. सातबारा, आठ-अ, सोसायटीची नोटीस, दोन आधार कार्डांच्या झेरॉक्स, विजेचं बिल, पीक विम्याची पावती. तळाशी कृषी केंद्राची बिलं होती. बियाणं, डीएपी, फवारणीचं औषध. त्यातल्या एका बिलाच्या पाठीवर पेन्सिलीने हिशेब केलेला होता: मूळ रक्कम, खाली तिची दीडपट, आणि शेजारी ‘दिवाळी’ एवढाच शब्द. दुकानदाराने माल उधारीवर दिला होता आणि वसुली दिढीने ठरली होती. हा दुकानदार सावकार म्हणून कुठेच नोंदलेला नव्हता. म्हणजे घरावरचं सगळ्यात महाग कर्ज तहसीलच्या हिशेबी कर्जच नव्हतं.

पाणी प्यायला त्या आत गेल्या. स्वयंपाकघरात मयताची बायको होती, तिशीतली. चुलीपाशी बसून ती खालच्या आवाजात बोलली.

“ताई, दारूचं नोका लिहू. तहसीलातून मानूस येऊन गेला. दारू म्हटलं का फाईल जाते म्हणतेत.”

बाई काही बोलल्या नाहीत. मग तीच पुढे म्हणाली, “प्यायचे, हे खरं हाय. पन रोज नाई. बँकेतून आले का त्या दिवशी.”

या दोन वाक्यांत कारणाचं जे चित्र आहे ते त्या रकान्यात मावणारं नाही, बातमीच्या साच्यातही नाही. दारू आहे, पण ती बँकेच्या वाटेवरची दारू आहे. तिला कर्जापासून सोडवून वेगळं लिहिलं तर ते खोटं ठरतं आणि कर्जात बुडवून टाकलं तरी अर्धवटच. शिवाय तिसरी गोष्ट: लिहिण्याची किंमत लिहिणारा देत नाही. ‘दारूच्या आहारी गेलेल्या’ असे शब्द छापून आले असते तर बाईंना दुसऱ्या दिवशी काही झालं नसतं. कात्रण मात्र तहसीलच्या फाईलला लागलं असतं.

त्यांनी त्या दिवशी दारूबद्दल लिहिलं नाही. दोन हंगामांची नापिकी, सोसायटीची थकबाकी, वसुलीची नोटीस आणि ‘खासगी उधारी’ एवढं लिहिलं. छापून आलेल्या बातमीत खासगी उधारी नव्हती. डेस्कवर विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, “नाव देणार नसाल तर मोघम कशाला ठेवायचं?” नाव दिलं असतं तर काय झालं असतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. बियाणं-औषधांच्या दुकानांच्या जाहिरातींशिवाय त्या भागातल्या कुठल्याही पेपरचा मृगाचा हंगाम जात नाही.

तर त्या एका छोट्या बातमीत तीन गोष्टी गाळल्या गेल्या होत्या. दारू गाळली ती बायको-मुलांच्या मदतीवर पाणी पडू नये म्हणून. मृत्यू कसा झाला हे गाळलं, कारण ते वाचून कोणाचंही भलं होत नाही. आणि दुकानदार गाळला तो दुकानदारासाठी. कागदावर तिन्ही जागा सारख्याच कोऱ्या दिसतात. वाचणाऱ्याला फरक कळायची सोय नाही, म्हणून लिहिणाऱ्याने तो स्वतःपाशी तरी स्वच्छ ठेवावा, असं बाईंचं मत झालं. गाळलेल्या प्रत्येक गोष्टीचं कारण त्या घरातल्या माणसासमोर मोठ्याने सांगता येतं का, ही त्यांची परीक्षा. दारूचं कारण त्या स्वयंपाकघरात सांगता आलं असतं. दुकानदाराचं सांगता आलं नसतं. बेधडक लिहिण्याचं कौतुक करणाऱ्या सभांमध्ये ही परीक्षा कोणी मांडत नाही. तिथे जो सगळं लिहितो तो प्रामाणिक, असा सोपा हिशेब असतो.

मृत्यूची पद्धत न लिहिण्याचा नियम मात्र बाईंनी स्वतः शोधलेला नाही. भारतीय प्रेस कौन्सिलने सप्टेंबर २०१९ मध्ये आत्महत्यांच्या वार्तांकनासाठी मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. त्यांना आधार जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांचा. बातमी ठळक जागी नको, पुन्हा पुन्हा नको, पद्धतीचं वर्णन नको, जागेचा तपशील नको, भडक मथळा नको, फोटो नको, आणि आत्महत्या हा अडचणीवरचा उपाय आहे असं सुचवणारी भाषा नको. यामागे पुरावा आहे. व्हिएन्नात १९७८ साली मेट्रो सुरू झाली. ऐंशीच्या दशकात तिथल्या आत्महत्या वाढत गेल्या आणि वर्तमानपत्रं त्या रंगवून छापू लागली. १९८७ साली तिथल्या आत्महत्या प्रतिबंधक संघटनेने पत्रकारांसाठी सूचना काढल्या, पत्रकारांनी त्या बऱ्यापैकी पाळल्या आणि मेट्रोतल्या घटना झपाट्याने खाली आल्या. बातमी कशी लिहिली यावर माणसांचं जगणं-मरणं हलतं, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसलं असेल.

पण व्हिएन्नाचा नियम यवतमाळला जसाच्या तसा लावायला गेलं की अडतं. बातमी आतल्या पानावर, लहान, शांत भाषेत छापायची. ठीक. मग सलग बारा बातम्या आतल्या पानावर, लहान, शांत भाषेत छापल्या तर काय होतं? विषय संपतो. ज्यांना तो संपायला हवा असतो त्यांची सोय होते. २००६ साली विदर्भ देशाला दिसला तो पहिल्या पानावरच्या, नियम मोडणाऱ्या बातम्यांमुळेच. नियम एकट्या माणसाच्या संकटासाठी लिहिलेले आहेत. इथे संकट एकट्याचं राहिलेलं नाही. बाईंच्या कार्यालयात या मुद्द्यावर बरीच खडाजंगी झाली. एक ज्येष्ठ उपसंपादक अडून बसले की आकडा पहिल्या पानावर गेलाच पाहिजे. बाईंनी तोडगा काढला: मरण लहान छापा, कर्ज मोठं छापा. म्हणजे घटनेची बातमी चार ओळींची, तळाशी टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक. आणि पहिल्या पानावर सोसायटीचं कर्जवाटप किती टक्क्यांवर अडलं, पीक विम्याचे पैसे कुठे थांबले, कापूस महामंडळाची (सीसीआय) खरेदी कधी सुरू होणार, याची बातमी. पहिल्या पानाची बातमी रोज मिळत नाही आणि तिला मेहनत जास्त पडते. त्यामुळे तोडगा काही दिवस पाळला जातो, काही दिवस नाही.

फोटोचं प्रकरण तर त्याहून अवघड. गावात छायाचित्रकार गेला की त्याची मागणी ठरलेली: बायको, दोन मुलं आणि हातात मयताचा फोटो. पुष्कळ घरांत मयताचा मोठा फोटो नसतोच. मग मतदार ओळखपत्र किंवा आधार कार्डावरचा चेहरा तालुक्याच्या झेरॉक्स सेंटरवर मोठा करून आणला जातो. तो इतका फुटलेला असतो की ओळखीचा माणूसही जवळ जाऊन बघतो. चौकट होते, हार चढतो आणि मग ती चौकट कोणी वर्तमानपत्रवाला आला की खाली उतरते. एका घरी आठ-नऊ वर्षांचा मुलगा बाहेर गाडीचा आवाज ऐकून न सांगता आतून फोटो घेऊन आला आणि आईशेजारी उभा राहिला. त्याला सवय झाली होती. छायाचित्रकाराने कॅमेरा बाहेर काढला नाही. तो आणि बाई दोघंही त्याबद्दल नंतर बोलले नाहीत, पण तसा फोटो त्या दैनिकात पुढे छापून आला नाही.

अवघड विषयावर लिहिणं म्हणजे दुसऱ्याची चूक दाखवणं, असा समज असतो. ती त्यातली सोपी बाजू. आपल्याच माणसांबद्दल लिहायची वेळ येते तेव्हा खरा पेच पडतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. सुरुवातीचा सरकारी सूर असा होता की लोकांनी हातमोजे, मास्क घातले नाहीत, काळजी घेतली नाही. त्यावर गावांमधून उसळलेला सूर उलटा: सगळा दोष कंपन्यांचा आणि कृषी खात्याचा. बाईंचा कल अर्थातच दुसऱ्या सुराकडे होता. त्यांचे वडील बनियनवर फवारणी करणारे, पंप पाठीवर, तोंडाला उपरणं.

वॉर्डात मजूर जे सांगत होते ते दोन्ही सुरांच्या मधलं होतं. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याएवढी, काही ठिकाणी डोक्यावर गेली होती. पंपाचा नोझल वर धरावा लागे आणि फवारा तोंडावर, छातीवर परत येई. बॅटरीवरचे नवे पंप बारीक धुकं सोडत. दोन-तीन औषधं एकत्र करण्याचा सल्ला दुकानातून मिळत होता आणि लोक स्वतःच्या अंदाजानेही मिसळत होते. डब्यावरची माहिती बारीक अक्षरात. मजुराला ती वाचता येण्याची शक्यता कमीच. मास्क नव्हता हेही खरं. पण भाद्रपदाच्या दमट उन्हात, डोक्याइतक्या पऱ्हाटीत, मजुरीवर फवारणाऱ्याला मास्क देणार कोण? मालक, दुकानदार की खातं? बाईंनी हे सगळं लिहिलं, शेतकऱ्यांनी स्वतःच्या मनाने औषधं मिसळल्याचंही. बातमी आल्यावर शेतकरी संघटनेच्या एका ओळखीच्या कार्यकर्त्याने फोन केला. “ताई, तुम्ही पण त्यायच्यातल्याच झाल्या का?” अधिकाऱ्याचा फोन आला असता तर त्यांना आनंद झाला असता, हा फोन त्यांना लागला. तरी ते वाक्य त्यांनी मागे घेतलं नाही. मिसळण्याचं सांगितलं नसतं तर पुढच्या वर्षी लोकांनी पुन्हा मिसळलं असतं, एवढाच त्यांचा बचाव होता.

आणखी एक गोष्ट साच्यात बसत नाही. बाई स्वतः शेतकऱ्याच्या घरातल्या असल्यामुळे ती त्यांना पहिल्यापासून दिसत होती. लिहायला जागा नव्हती. शेतात राबणारी बाई आत्महत्या करते तेव्हा ती बहुतेकदा शेतकरी आत्महत्या मानली जात नाही. नियमात कुटुंबातल्या कोणाचीही जमीन चालत असली तरी सातबारा तिच्या नावावर नसतो. मग कारणाच्या रकान्यात ‘घरगुती कारण’ येतं आणि पेपरात ‘विवाहितेची आत्महत्या’ असा दोन ओळींचा मजकूर. मजुरांचंही तसंच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात शेती क्षेत्रातल्या ११,२९० आत्महत्या नोंदल्या आहेत, त्यातल्या ४,२४८ महाराष्ट्रातल्या. देशाच्या आकड्यात शेतमजूर ६,०८३ आणि शेतकरी ५,२०७. म्हणजे मरणाऱ्यांत मजूर जास्त. पण मजुराकडे ना जमीन, ना सोसायटीचं खातं. त्याची फाईल तयारच होत नाही, आणि फाईल नाही म्हटल्यावर बातमीलाही आकार येत नाही.

मागे राहिलेल्या बायकांचा विषय काही अंशी लोकांसमोर आला तो त्या स्वतः बोलू लागल्या म्हणून. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या ‘तेरवं’ या नाटकात शेतकऱ्यांच्या विधवांनीच भूमिका केल्या. त्यातल्याच वैशाली येडे यांनी जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं. लेखिका नयनतारा सहगल यांचं उद्घाटनाचं निमंत्रण रद्द झाल्यावरच्या गदारोळात हा मान त्यांच्याकडे आला होता. संमेलनाच्या मांडवात तेव्हा पत्रकारांची मोठी गर्दी होती. बाईही तिथे होत्या. सहगल प्रकरणावर प्रतिक्रिया गोळा करण्यात बहुतेकांचा दिवस गेला. उद्घाटनाचं भाषण ज्या प्रश्नांबद्दल होतं त्यांवर दुसऱ्या दिवशी कितीशी जागा गेली, हे त्या दिवसांचे अंक चाळले तर कळेल.

मकाम, म्हणजे महिला किसान अधिकार मंच, या व्यासपीठाने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या पाचशेहून अधिक अशा स्त्रियांची पाहणी केली होती. त्यातल्या चाळीस टक्के स्त्रियांना त्या कसत असलेल्या जमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. ही पाहणी बाईंनी दोनदा वाचली आणि मग आपल्या जुन्या वह्या काढल्या. गेलेल्या माणसाच्या बातमीबरोबर बंद झालेली घरं त्यांत होती. ती पुन्हा उघडायची, मृत्यूबद्दल विचारायचंच नाही, फक्त पुढे काय झालं ते विचारायचं, असं त्यांनी ठरवलं. यातून रविवार पुरवणीसाठी एक दीर्घ लेख झाला.

तो लेख लिहिताना त्यांनी धंद्याची एक जुनी रीत मोडली. छापण्याआधी मजकूर संबंधितांना दाखवायचा नाही, हा पत्रकारितेचा पाठ. पुढाऱ्याच्या किंवा अधिकाऱ्याच्या बाबतीत तो योग्यच आहे. पण ज्या बाईच्या घरातली दारू आपण छापणार तिला तो पाठ लावणं म्हणजे बळकट माणसासाठी केलेला नियम दुबळ्यावर चालवणं. संपादकांना हे पटलं नाही. त्यांनी फक्त “मला सांगून करू नका” एवढं म्हटलं. बाईंनी ती परवानगी समजली.

त्या चुलीपाशी बसलेल्या बाईकडे त्या पुन्हा गेल्या. मदतीची फाईल पात्र होऊन पैसे मिळाले होते. धाकटा शाळेत होता, मोठी पुसदला नर्सिंग करत होती. आता दारूचं लिहायचं होतं, गावाचं आणि माणसाचं नाव न देता. बाईंनी मोबाईलवरून वाचून दाखवलं. बँकेतून परत येण्याच्या दिवसांचा परिच्छेद तिने डोळे मिटून ऐकला आणि म्हणाली, असंच होतं. कृषी केंद्राच्या बिलामागचा पेन्सिलीचा हिशेब आला तेव्हा उठून तिने आतून तेच बिल आणलं; पिशवी तशीच होती. हरकत तिने वेगळ्याच शब्दाला घेतली. डेस्कने आधीच बनवून ठेवलेल्या चौकटीत ‘निराधार महिलांची कैफियत’ असं होतं.

“निराधार काहून?” ती म्हणाली. “चार एकर वावर कोन करते मंग? मीच ना?”

चौकट बदलली. ‘निराधार’ गेलं आणि जागा भरायला डेस्कने तिथे आणखी एक आकडा टाकला. लेखात दुकानदाराचं नाव नव्हतंच, कारण एकाचं नाव घातलं असतं तर तालुक्यातले उरलेले दुकानदार सुटले असते. पण दिढीचा व्यवहार कसा चालतो, तो कुठल्याही कर्जाच्या व्याख्येत कसा बसत नाही आणि २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा असूनही तो कसा निसटतो, यावर दोन सविस्तर परिच्छेद होते. ते या वेळी कापले गेले नाहीत. जाहिरात विभागाकडून कुरबुर झाली, ती संपादकांनी परस्पर मिटवली. त्याबद्दल त्यांना दाद द्यायला हवी.

रविवारी लेख आला. सकाळी पहिला फोन एका कृषी केंद्रवाल्याचा होता, आपल्याला कोणी ओळखणार नाही ना, याची खात्री करून घेण्यासाठी. दुसरा एका निवृत्त तहसीलदारांचा. त्यांनी शांतपणे सांगितलं की कारणाचा रकाना त्यांनीही नोकरीत अनेकदा भरला होता आणि भरताना समोरच्या घराकडे बघून भरला होता. हे मात्र छापू नका. तिसरा फोन दिग्रसकडच्या एका बाईचा. लेखाबद्दल ती काहीच बोलली नाही. नवऱ्याला जाऊन तीन वर्षं झाली, जमीन अजून सासऱ्याच्या नावावर, दीर सही करत नाही, काय करावं, असं तिने विचारलं. बातमीदार बाईंनी वही ओढली. सासरे हयात आहेत का? नाहीत. मग मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्यायचा, गाव नमुना सहा-क मध्ये वारस म्हणून नोंद मागायची, अर्जाची पोच घ्यायचीच. फेरफार पडला की हरकतीला पंधरा दिवसांची मुदत असते. दीर हरकत घेईल, घेऊ द्या. सही दिली नाही म्हणून वारसाचं नाव वगळता येत नाही. तलाठी पोच देत नसेल तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवायचा.

“लिहून पाठवता का?” पलीकडून आवाज आला. “व्हॉट्सअ‍ॅपवर. पोरगी वाचून दाखवते.”

बाईंनी मजकूर टाईप करून पाठवला आणि सोमवारच्या मीटिंगसाठी विषय मांडला: वारस नोंद, कुठल्या तालुक्यात किती प्रलंबित. उपसंपादकांनी विचारलं, यात बातमी काय? तेव्हा त्यांनी माहिती अधिकाराच्या अर्जाचा कच्चा मसुदा पुढे सरकवला. सोळा तहसील कार्यालयं, प्रत्येकाला वेगळा अर्ज, प्रत्येकावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प.